बोरगव्हाणचे पहिले पर्यटक

जालन्यात एमआयडीसीच्या पाठीमागच्या कॉलनीत निवृत्त मुख्याध्यापक तातेराव हिवाळे यांच्या दारात एक दिवस पांढऱ्या पत्र्याचं, दोन चाकांचं एक मोठं खोकं येऊन उभं राहिलं. सरांनी आता पाणीपुरीचा धंदा टाकला, असाच समज सगळ्या कॉलनीने करून घेतला. चौतीस वर्षं ज्यांनी शाळेत पाढे पाठ करून घेतले, त्यांनी उतारवयात असं का करावं, यावर दोन दिवस हळहळही झाली. तिसऱ्या दिवशी सरांनी फाटकावर उभं राहून जाहीर केलं, की हा गाडा नाही. हा ट्रेलर आहे. म्हणजे जीपच्या मागे जोडून न्यायचं घर. यात पलंग आहे, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे आणि खिडकीला पडदाही आहे. आपण यात बसून आपला जिल्हा पाहणार आहोत.

"जिल्हा? कोनता?" शेजारच्या साहेबरावांनी विचारलं.

"आपला. जालना."

साहेबरावांनी ट्रेलरकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि मग ते घरात निघून गेले. ते निवृत्त ग्रामसेवक होते. एखाद्या गोष्टीला नियम सापडेपर्यंत ते त्या गोष्टीवर बोलत नसत. अर्ध्या तासाने ते नियम घेऊन बाहेर आले.

"सर, मला एक सांगा. हे घर हाय का वाहन? घर असंल तर घरपट्टी लागंल. वाहन असंल तर रोडटॅक्स लागंल. आन दोन्ही असंल तर दोन्ही लागंल."

"आन दोन्ही नसंल तर?" सरांनी चिडून विचारलं.

"मंग अतिक्रमण," साहेबराव म्हणाले.

ट्रेलर बनवला होता लालमियाँने. लालमियाँ सरांचा जुना विद्यार्थी. सातवीत तो सरांच्या वर्गात दोनदा बसला होता, त्यामुळे त्याचं सरांवर दुप्पट प्रेम होतं. आता एमआयडीसीत त्याचं वेल्डिंगचं मोठं शेड होतं. सरांनी वहीच्या पानावर पट्टी लावून काढलेला नकाशा त्याने तीन महिने भिंतीला चिकटवून ठेवला आणि त्याबरहुकूम काम केलं. जुन्या टेम्पोचा ॲक्सल, रीरोलिंगच्या म्हणजे सळ्यांच्या कारखान्यातलं लोखंड आणि बियाणं कंपनीच्या गोदामातून उरलेला पत्रा, असा अस्सल जालन्याचा माल त्यात गेला होता. "सर, तुमी बिलकुल फिकर नका करू," तो म्हणायचा. "असा मजबूत बनवून राह्यलो ना, भूकंप आला तर भूकंप हलंल, हा न्हाई हलनार."

घरातून मात्र विरोध होता. केशरबाईंनी संसारात अकरा बदल्या काढल्या होत्या. अकरा वेळा भांडी पोत्यात भरली, अकरा वेळा नव्या गावात चूल मांडली. सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, ते सरांच्या सन्मानार्थ वाटले असा सरांचा गैरसमज होता.

"बदल्या संपल्या म्हून मी सुटले म्हनलं," त्या म्हणाल्या, "तर तुमी घरालाच चाकं लावले."

"अगं, ही बदली न्हाई. हे पर्यटन हाय."

"पोत्यात भांडे भरायचे का न्हाई भरायचे?"

भरायची होती. सर पोती शोधायला उठले.

नोंदणीचा भाग थोडक्यात सांगायला हवा, कारण सर तो कधीच थोडक्यात सांगत नाहीत. ज्या कार्यालयात अशा गोष्टींची नोंद होते, तिथल्या खिडकीत एक सज्जन, थकलेला माणूस बसला होता. त्याने ट्रेलरचे फोटो उलटसुलट करून पाहिले.

"सर, प्रकार काय लिहू?"

"फिरतं घर लिहा."

"असा प्रकार यादीत न्हाई. ऊसवाहू हाय, पाण्याचा टँकर हाय, प्रचाररथ हाय, शववाहिका हाय. यातलं जवळचं कोनतं सांगा, तेच लिहितो."

जवळचं कोणतं, यावर सरांनी खरोखर विचार केला हे त्यांच्यातल्या शिक्षकाचं दुर्दैव. प्रचाररथात पलंग नसतो. शववाहिकेत असतो, पण त्यावरचा माणूस परतीचा प्रवास करत नाही. सर चार खेपा गेले, सोबत नकाशा नेला, लालमियाँलाही नेलं. चौथ्या खेपेला त्या सज्जन माणसाने सुस्कारा सोडून 'इतर' या रकान्यावर खूण केली. सर घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. प्रश्नपत्रिका काढताना आयुष्यात त्यांनी 'इतर' असा पर्याय कधी दिला नव्हता. आणि आता त्यांचं स्वतःचं घर 'इतर'मध्ये गेलं होतं.

पण कागद झाला. दिवाळीनंतरच्या एका बुधवारी सकाळी सरांनी जुन्या जीपला ट्रेलर जोडला. पोत्यात भांडी भरली गेली. केशरबाई पुढे बसल्या, त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि बदलीच्या गावी निघाल्यासारखा चेहरा केला. कॉलनी निरोपाला आली होती. "रिव्हर्स घेता येतो ना सर?" साहेबरावांनी विचारलं.

"आपल्याला पुढं जायचंय, साहेबराव, मागं न्हाई," सर म्हणाले. हे वाक्य त्यांना त्या क्षणी फार आवडलं होतं.

सर ज्या ठिकाणी चालले होते ते ठिकाण पेपरमधल्या तीन ओळींच्या बातमीत सापडलं होतं. बोरगव्हाण या गावाने सरकारी पैशातून आपल्या तलावाच्या काठावर 'कॅराव्हान पार्क' बांधला होता. फिरत्या घरांनी येऊन मुक्काम करावा म्हणून चार सिमेंटचे ओटे, वीज, पाणी आणि स्वच्छतागृह अशी सोय होती. अख्ख्या जिल्ह्यात फिरतं घर एकच, ते आपलं, आणि त्याच्यासाठी सरकारने आधीच ओटे बांधून ठेवलेत, हे वाचून सरांचा ऊर भरून आला होता.

अंबड सोडल्यावर बोरगव्हाणचा फाटा लागतो. तो लागला, सरांना दिसला आणि मागेही गेला, कारण ट्रेलरसह जीप ऐन वेळी वळत नाही हे सरांना त्या क्षणी कळलं. मागे घ्यावं तर मागे कसं घ्यायचं हे त्यांनी शिकून घेतलं नव्हतं. ट्रेलर मागे घेताना चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. उजवीकडे फिरवलं की डावीकडे जातो. घाबरून काहीच फिरवलं नाही, तरी तो कुठेतरी जातोच. म्हणून सर सरळ पुढे गेले ते थेट शहागडपर्यंत. तिथे हायवेवर जागा मोठी असते, आरामात वळू असा त्यांचा बेत होता.

शहागडला जागा मोठी होती, पण ती ट्रकांनी भरलेली होती. सरांनी एका ढाब्यासमोर वळण घ्यायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत जीप पूर्वेला, ट्रेलर दक्षिणेला अशी अवस्था करून ते थांबले. ढाब्याचं तोंड बंद झालं. सात-आठ ड्रायव्हर चहा सोडून आले आणि सगळे एकदम मार्गदर्शन करू लागले.

"चाक काट! काट! काट! आता सोड!"

"अरे पुरा काट, मास्तर!"

मास्तर कसं ओळखलं, याचं सरांना तेव्हाही आश्चर्य वाटलं आणि वाईटही. तेवढ्यात एकाने ट्रेलरच्या खिडकीवर टकटक केलं. "दोन चहा, एक प्लेट भजे. जल्दी."

"हे हॉटेल न्हाई," सर जीपमधून ओरडले.

"मंग काय मिळतं इथं?"

"काही मिळत न्हाई! हे घर हाय!"

त्या माणसाने जीपमध्ये पदर तोंडाला लावून बसलेल्या केशरबाईंकडे पाहिलं आणि त्याला सरांची फार दया आली. "मास्तर, उतरा खाली," तो म्हणाला. तो स्वतः जीपमध्ये बसला, एका हाताने चाक फिरवून दोन झटक्यांत ट्रेलर सरळ करून दिला आणि जाताना केशरबाईंना म्हणाला, "माय, सांभाळून जा."

सर पुन्हा जीपमध्ये बसले आणि आल्या रस्त्याने फाट्याकडे निघाले.

बोरगव्हाणचा पार्क मात्र खरोखर होता. सिमेंटची कमान होती, चार ओटे होते, आणि ओट्यांच्या पुढे उताराला लागून तलावाचं पाणी पार समोरच्या टेकडीपर्यंत पसरलेलं होतं. कमानीत खुर्ची टाकून एक मध्यमवयीन माणूस बसला होता. त्याने ट्रेलर पाहिला, तो उभा राहिला, त्याची खुर्ची पडली आणि तो "आलं! आलं! आलं!" असं ओरडत गावाकडे पळत सुटला. काय आलं, म्हणून सरांनी घाबरून मागे वळून पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

तो होता रामप्रसाद, पार्कचा रखवालदार. चौदा महिने तो त्या कमानीत बसून होता आणि चौदा महिन्यांत तिथे एकही कॅराव्हान आली नव्हती. कॅराव्हान कशी दिसते हेही त्याला ठाऊक नव्हतं, पण ही नसेल तर दुसरी काय असणार, असा त्याने अंदाज बांधला. परत आला तेव्हा त्याच्यासोबत सरपंच पुष्पाबाई होत्या आणि त्यांच्या मागे जवळजवळ सगळं गाव होतं.

सोयींचं सांगायचं तर विजेचा खांब होता, तार यायची होती. नळ होता, त्याला पाणी तलावात पाणी वाढलं की येणार होतं. तलाव तर काठोकाठ भरला होता, पण तो मुद्दा वेगळा होता, असं रामप्रसाद म्हणाला. स्वच्छतागृह फरशीसकट तयार होतं, पण कुलूप लावून किल्ली ज्याच्याकडे होती त्याची बदली झाली होती. केशरबाईंनी 'बदली' हा शब्द ऐकून सरांकडे असं पाहिलं, की सर ट्रेलरच्या चाकांकडे पाहू लागले. रामप्रसादने चाकांखाली दोन दगड लावून दिले. ओटा पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तलावाच्या बाजूला उतरता बांधला होता. ट्रेलरची मागची मोठी खिडकी पाण्याकडे आणि पुढचा दांडा गावाकडे, असं घर उभं राहिलं. सरांनी जीप सोडवून बाजूला लावली.

मग पुष्पाबाई बोलू लागल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत बाई. त्यांनी आधी सगळ्या गावकऱ्यांना दहा पावलं मागे सारलं.

"सर, तुमी देवासारखे आलाव. उद्या तपासनीचे साहेब येनार हायेत. चौदा म्हैन्यात एक बी पर्यटक न्हाई, म्हून पार्क बंद करून राह्यले. रामप्रसादची नौकरी जाईल. ओट्यावर खताचं गोदाम करनार हायेत. या पान्याच्या काठाला, सर, खताचं गोदाम!"

"मंग आता आमी आलोच ना," सर म्हणाले. त्यांची मान ताठ झाली होती.

"आलाव. पन कुठून आलाव?"

"जालन्याहून."

पुष्पाबाईंचा चेहरा पडला. गावही कुजबुजलं. "जालन्याचं चालत न्हाई, सर. कागदावर 'बाहेरचे पर्यटक' लागतेत. एक काम करा. उद्याच्या दिस पुन्याचे व्हा."

"काय?"

"पुन्याचे म्हना. फकस्त म्हना. मुंबई नको, लई मोठं व्हतं."

रामप्रसादची तयारी त्याहून पुढे गेली होती. त्याने लगबगीने घरी जाऊन भाच्याची एक अर्धी चड्डी आणली. निळी, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असलेली. "सर, पर्यटक हेच घालतेत. मी मोबाइलात पाह्यलं."

चौतीस वर्षं इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात वावरलेल्या माणसाने ती चड्डी हातात घेतली, तिची घडी घातली आणि परत दिली. "रामप्रसाद," ते म्हणाले, "मी पटावर कधी एक खोटा पोरगा लावला न्हाई. तपासनीला पट कमी भरला, बोलनी खाल्ली, पन लावला न्हाई. आन आता मी सोता खोटा पोरगा व्हऊ?"

पुष्पाबाईंनी रामप्रसादकडे पाहिलं. रामप्रसाद चड्डी काखेत धरून कमानीकडे गेला आणि पडलेली खुर्ची उचलून तिच्यावर बसला. ते पाहून सरांना आपण जिंकलो असं मुळीच वाटलं नाही. संध्याकाळभर त्यांनी खिडकीतून पाण्याकडे पाहिलं आणि त्यांना पाणी काही दिसलं नाही.

सकाळी ट्रेलर हलू लागला. भांडी वाजली, पडदा झुलला, सर पलंगावरून खाली आले. लालमियाँचा भूकंप आला की काय, असं वाटून त्यांनी दार उघडलं, तर गावातली एक म्हैस ट्रेलरच्या कोपऱ्याला पाठ घासत होती. तिने सरांकडे पाहिलं आणि पाठ घासणं चालू ठेवलं. केशरबाईही उठल्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि म्हैस निघून गेली तरी तिथेच उभ्या राहिल्या. त्या इतक्या वेळ काय पाहतायत हे सरांच्या ध्यानात आलं नाही.

"मी खोटं बोलनार न्हाई," सर म्हणाले.

"नका बोलू," केशरबाई म्हणाल्या. "चहा घेता का?"

तपासणीची तयारी गावाने पहाटेपासून चालवली होती. कमानीला आंब्याची पानं बांधली. रस्ता झाडला. आणि कोणत्याही तपासणीला लागतो तसा चुना काढला. पार्कात जेवढे दगड होते तेवढे गोळा करून, चुन्यात बुडवून, रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळीने मांडले. फार सुंदर दिसत होतं. रामप्रसादने एकही दगड सोडला नव्हता.

अकरा वाजता साहेब आले. चांगले भरदार, घाम पुसणारे, मनाने बरे, पण त्या दिवशी त्यांना आणखी तीन ठिकाणं करायची होती. सोबत फाइल धरलेला एक सडपातळ कारकून होता. साहेबांनी कमान पाहिली, ओटे पाहिले, ट्रेलर पाहिला आणि त्यांची भुवई वर गेली. "अरे वा. आले वाटतं कोणी. कुठून आलात?"

पुष्पाबाईंना खोकला आला. रामप्रसादने डोळे मिटले. सर एक पाऊल पुढे झाले.

"जालन्याहून."

"जालना म्हणजे... आपलं जालना?"

"हो. एमआयडीसीच्या मागं."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने फाइलमध्ये पाहिलं. "रकाना 'बाहेरगावचे पर्यटक' असा आहे, साहेब."

"मग हे कसे धरता येतील, सर? तुम्ही तर घरचेच," साहेब हसत म्हणाले. ते चांगल्या मनाने म्हणाले, पण त्या हसण्याने सरांचा चेहरा लाल झाला. आपण पुन्हा एकदा 'इतर' झालो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात दारातून केशरबाईंचा आवाज आला. "साहेब, उन्हात नका लिहू. आत बसून चहा घ्या, मंग काय लिहायचं ते लिहा."

चहाला नाही म्हणणारा तपासणी अधिकारी अजून जन्माला यायचाय. साहेब आत गेले, कारकूनही गेला. दोघं मागच्या मोठ्या खिडकीशी, पाण्याकडच्या बाकावर बसले. सर मात्र आत गेले नाहीत. दांड्याजवळ पाठमोरे, हाताची घडी घालून उभे राहिले.

आता ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला टेकू म्हणून एक लोखंडी पाय असतो. मागच्या टोकाला साहेबांचं वजन पडलं, पुढचा पाय हळूच जमिनीवरून उचलला गेला, आणि ज्या चाकांना अडवणारे दोन दगड चुना लावून रस्त्याच्या कडेला शोभेला मांडले होते, ती चाकं निघाली. घाई न करता, वरातीच्या चालीने, लालमियाँचं न हलणारं घर बोरगव्हाणच्या तलावाकडे निघालं.

"सर! घर!" रामप्रसाद किंचाळला.

सरांनी वळून दांडा धरला. माणसाने दांडा धरल्यावर ट्रेलर थांबायला हवा होता, पण झालं असं की ट्रेलर थांबला नाही आणि सरांनीही सोडला नाही. टाचा रोवत, चपला मागे टाकत, ते त्याच्यामागे उतार उतरले. पाणी पोटरीला लागलं, गुडघ्याला लागलं आणि पाय गाळात रुतले तसं कमरेला लागलं. गाव काठावर ओरडत होतं. मग चाकंही गाळात रुतली आणि ट्रेलर शांतपणे उभा राहिला. पाण्याने दाराच्या पायऱ्या झाकल्या, उंबऱ्यावर मात्र ते आलं नाही.

आतून साहेबांचा आवाज आला. "बाई, आपण हललो का?"

"चाकाचं घर हाय, साहेब, जरा हलतंच," केशरबाई म्हणाल्या. "साखर बराबर हाय का?"

मग साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि कप खाली ठेवला.

ट्रेलर बाहेर काढायला ट्रॅक्टर हवा होता. ट्रॅक्टर गावात होता, पण किल्ली घेऊन त्याचा मालक दर्शनाला जांब समर्थला गेला होता. त्याला निरोप गेला. तो येईपर्यंत तासभर तरी लागणार होता. साहेबांना खांद्यावर बसवून आणायला चार गडी पुढे झाले. साहेबांनी गड्यांकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं आणि आपण आत ठीक आहोत असं कळवलं. सरांना सगळे बाहेर बोलावत होते, पण ते दांडा सोडायला तयार नव्हते. दांडा सोडला आणि घर आणखी पुढे गेलं तर? बायको आत होती. म्हणून तासभर ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. मासे त्यांच्या पोटऱ्यांना टोचत होते. सगळ्या बोरगव्हाणने त्यांना त्या अवस्थेत पाहिलं. कारकुनाने फोटोही काढला. प्रतिष्ठा म्हणून जे काही असतं ते त्या तलावात विरघळून गेलं, असं सरांना पक्कं वाटत होतं. पण ट्रेलरचं दार उघडंच होतं, आणि आतलं बोलणं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"साहेब, तुमी मघाशी म्हनले, घरचेच," केशरबाई म्हणत होत्या. "मी सांगू का? या जिल्ह्यात मी अकरा गावात राह्यले. एकीकडं तीन वर्सं, एकीकडं पाच वर्सं. पन मी त्यातलं एक बी गाव पाह्यलं न्हाई. शाळंची खोली, हापसा आन किराना दुकान. एवढंच माझं गाव. थोडं वळखीचं व्हायचं तेवढ्यात हुकूम यायचा, का भरा भांडे. एका गावात म्हने मोठी पायऱ्यांची बारव व्हती. लोक पाह्यला यायचे. मी पाच वर्सं तिथं राह्यले, साहेब, आन मला ती बारव गेल्या वर्सी पेपरात दिसली."

बाहेर सरांच्या हातातला दांडा एकदम जड झाला. अकरा गावांतले अकरा निरोप समारंभ त्यांना आठवले. नारळ, शाल, भाषण. त्या समारंभांना केशरबाई नसायच्या. त्या घरी पोती शिवत असायच्या.

"आज सकाळी म्हशीनं उठवलं," केशरबाई पुढे सांगू लागल्या. "दार उघडलं तर समोर हे एवढं पानी. ते लांब पायाचे पांढरे पाखरं तिकडं उभे व्हते. मी म्हनलं, हे आपल्या जिल्ह्यात व्हतं? मला काही काम नव्हतं, साहेब. पानी भरायचं नव्हतं, धुनं नव्हतं. मी नुसती पाहत उभी राह्यले. आता तुमीच सांगा, पुन्याच्या बाईनं येऊन हेच पाह्यलं असतं तर ते पर्यटन. आन मी पाह्यलं तर काय? मी काय इथं हंडा घेऊन आल्ते का?"

पाखरं खरंच तिकडे उभी होती. सरांनी मान वळवून पाहिलं. काल संध्याकाळी आपण याच पाण्याकडे पाहत होतो, मग तेव्हा ती कशी दिसली नाहीत, हे त्यांना कळेना.

मग साहेब म्हणाले, "मावशी, अजून अर्धा कप मिळेल?" आणि थोड्या वेळाने, कारकुनाला, "लिहा. बाहेरगावचे पर्यटक, दोन."

"पण साहेब, जालना..."

"बोरगव्हाणला जालना बाहेरगावच आहे. लिहा. आणि वीज, पाणी, किल्ली, तिन्ही पंधरा दिवसांत. तेही लिहा."

कारकुनाने लिहिलं. हे काठावर कोणी ऐकलं नाही, म्हणून सरांनी पाण्यातूनच ओरडून सांगितलं. "धरलं! दोन धरले!" आणि बोरगव्हाणने असा जल्लोष केला, की पांढरी पाखरं उडाली. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच्या मालकाला वाटलं, घर पाण्यात गेलं म्हणून गाव नाचतंय. दोर बांधला, ट्रॅक्टरने ओढलं आणि ट्रेलर ठिबकत ठिबकत वर आला. लालमियाँच्या वेल्डिंगचा एक टाकाही सुटला नव्हता. साहेब आतच बसून वर आले आणि उतरताना त्यांच्या हातात कप होता.

रामप्रसादने चौदा महिने जपलेल्या, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेल्या नोंदवहीचं पहिलं पान उघडलं आणि ते सरांपुढे केलं. सर पेन घ्यायला पुढे झाले, नेहमीप्रमाणे. मग थांबले. त्यांच्या शर्टातून पाणी गळत होतं.

"माझे हात ओले हायेत," ते म्हणाले. "आमच्या बाईंना द्या."

केशरबाईंनी पदराला हात पुसला आणि पहिल्या ओळीत सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं. केशरबाई तातेराव हिवाळे. पुढच्या रकान्यात 'येण्याचे कारण' असं छापलेलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'पाहण्यासाठी'. सरांनी वाकून ते वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. सरांनी शाळेतल्या सवयीने त्यापुढे बरोबरची खूण करायला बोट उचललं आणि मग ते खाली घेतलं, कारण खूण करणारे आपण कोण, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

जानेवारीत ती दोघं पुन्हा बोरगव्हाणला गेली. तार आली होती, नळाला पाणी होतं, किल्ली सापडली होती. आणखी दोन ओट्यांवर पुण्याच्या दोन मोठ्या, चकाकत्या कॅराव्हान उभ्या होत्या. आणि तलावाच्या कडेला, लोखंडी खांबावर, निळ्या रंगाचा एक कोरा करकरीत सरकारी फलक लागला होता:

'घरे पाण्यात उतरविण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.'

सरांनी तो तीन वेळा वाचला. मग केशरबाईंना त्याच्या उजवीकडे उभं केलं, स्वतः डावीकडे उभे राहिले, शर्टाची बटणं वरपर्यंत लावली आणि रामप्रसादच्या हातात मोबाइल दिला. कॅराव्हानमधला एक पुणेकर तरुण ते पाहत उभा होता.

"काका, घर पाण्यात?" त्याने हसत विचारलं. "असं कधी कोणी करतं का?"

"करतेत ना," सर म्हणाले, आणि फोटोसाठी छाती पुढे काढून ताठ उभे राहिले. "आमच्या जालन्याचे करतेत."